मालोजीचा लोखंडी चौरंग

चाकणच्या अलीकडच्या वाडीत मोटारसायकल असलेलं घर एकच होतं, ते मालोजीचं. लढाईत तो इटलीपर्यंत जाऊन आला होता. पलटणीत त्याचं काम चिठ्ठ्या पोचवायचं. रात्र असो, चिखल असो, चिठ्ठी खिशात घालायची आणि निघायचं. लढाई संपून घरी आला तेव्हा बैलामागे चालताना त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. दोन वर्षं कशीबशी काढली आणि लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून त्याने एक बीएसए घेतली. थोरला भाऊ तात्याबा तेव्हा म्हणाला होता, "माल्या, ह्या घोड्याला दानावैरन काय घालायचं रं?"

पण पुढे पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला, मालोजी तिथे बॉयलरवर लागला, आणि गाडीचं मोल सगळ्यांना कळलं. सकाळी सातला भोंगा व्हायचा. पहिली एस.टी. धरून कोणी सातच्या आत पिंपरीला पोचत नसे. मोशीचा पूल ओलांडून, भोसरीवरून बारा-तेरा मैल गाडी हाणत मालोजी मात्र भोंग्याआधी दहा मिनिटं फाटकात हजर असायचा. कामावर लागल्यापासून त्याचा एकही खाडा झाला नव्हता.

गाडीचं सगळं तो स्वतः करायचा. अंगणात गोणपाट अंथरायचं, त्यावर पाने, पक्कड आणि घासलेटची वाटी मांडायची आणि उकिडवं बसायचं. दुसऱ्या कोणाचा हात गाडीला लागलेला त्याला खपत नसे. बायको ठकुबाई कौतुकाने फडकं मारायला गेली, तरी तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, मी करतो."

सत्तावन्न सालच्या माघातली गोष्ट. मागच्या चाकाचं बेअरिंग खडखडत होतं. गाडीचं मागचं स्टँड केव्हाच वाकलेलं, म्हणून चाक काढायचं तर मालोजी इंजिनाखाली लाकडाचा ओंडका घालून दोन बाजूंनी दगड लावायचा. ठकुबाई जात्यावरून ओरडून म्हणाली होती, "अवो थांबा, भावजी मळ्यातनं येऊ द्यात. धराय कुनी नगं का?" पण थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आसाची खीळ ठोकताना एक दगड निसटला, ओंडका फिरला आणि साडेचार मणांचं ते धूड त्याच्या पायावर आडवं झालं.

ठकुबाई धावली. तिच्याने गाडी हलेना. मग तिने गोठ्यातली पहार आणली, चाकाखाली घातली आणि सगळा भार देऊन रेटली. गाडी चार बोटं उचलली गेली, तेवढ्यात मालोजीने पाय ओढून घेतला. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा असा सुजला की खेडच्या हाडवैद्याने तीन आठवडे पट्टा बांधून ठेवला. इतक्या वर्षांत न झालेले खाडे एकदम झाले.

पट्टा सुटला, पाय चालायला लागला. गाडीची कीकही बसू लागली. एकच गोष्ट जमेना. उकिडवं बसलं की गुडघ्यात सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. दोन मिनिटांत उठावं लागायचं, आणि उठतानाही भिंत धरावी लागायची. वय त्रेचाळीस. भिंत धरून उठताना कोणी बघत नाही ना, म्हणून तो इकडेतिकडे बघायचा.

अशात त्याला इटलीतलं वर्कशॉप आठवलं. तिथले फिटर गाडी एका लोखंडी पाटावर चढवायचे, हँडल फिरवायचे, आणि गाडी कमरेइतकी वर यायची. मग उभ्याउभ्या, तोंडात सिगारेट धरून काम. तसला पाट आपल्याकडे असता तर? कारखान्यात त्याने ही गोष्ट काढली, तेव्हा कोणीतरी सांगितलं की चिंचवड स्टेशनाजवळच्या आबाजी मिस्त्रीकडे तसला एक आहे, आणि म्हाताऱ्याने दुकान बंद केलंय.

आबाजी खडकीच्या लष्करी वर्कशॉपात तीस वर्षं फिटर होता. रिटायर झाल्यावर त्याने स्टेशनाजवळ पत्र्याची शेड घालून मोटारसायकली दुरुस्त केल्या. आता त्याचे हात कापायचे. चहाची बशी तोंडापर्यंत नेताना निम्मा चहा धोतरावर सांडायचा. त्याने मालोजीला शेडमध्ये नेलं आणि ताडपत्री बाजूला केली. खाली लांबलचक लोखंडी पाट, त्याखाली कात्रीसारखे दुमडलेले चार पाय, आणि एका टोकाला मळसूत्र फिरवायचं हँडल. मालोजीने हँडल फिरवलं. पाय उघडले आणि पाट आवाज न करता वर येऊ लागला. मालोजीच्या तोंडाकडे बघून आबाजीला हसू आलं.

"मालोजीराव, आधी एक सांगा. महिन्यातून गाडी कितीदा उचलता?"

"एकदा. कधी दोनदा."

"मी दिवसाला तीन उचलायचो. म्हणून मला हा परवडला. एका गाडीसाठी घरात एवढं धूड ठेवणं परवडेल का, ते मला विचारू नका. मी विकणारा माणूस, मी हो म्हणणारच."

किंमत त्याने सव्वाशे सांगितली. मालोजीच्या एका पगारापेक्षा जास्त.

घरी हे बोलणं निघालं तेव्हा तात्याबा जेवायचा थांबला. "सव्वाशे? त्यात अर्धा बैल येतो. आन ह्ये ठिवनार कुठं? बैलांच्या उरावर?"

ठकुबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "म्हयन्यातनं एक बार लागनार. बाकीचं एकुनतीस दिस काय करायचं त्येचं? वाळवण घालायचं?"

दोघांचंही खोटं नव्हतं. गाडी दुरुस्तीला पुण्यात टाकली तरी चालण्यासारखं होतं. पण पुण्यातल्या मिस्त्रीच्या हातात आपली गाडी, आणि आपण बाकड्यावर बसून वाट बघतोय, हे चित्र मालोजीला सोसवत नसे. आपल्याला पाट हवाय की सगळं एकट्याने करायची जुनी खोड टिकवायचीय, हे त्याचं त्यालाच नीट समजेना.

तो पुन्हा आबाजीकडे गेला आणि खरं ते सांगून टाकलं. "मिस्त्री, माझं मन ठरत न्हाई."

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "मग महिनाभर घेऊन जा. वापरा. पटलं तर पैसे द्या, नाही पटलं तर आणून टाका. इथं पडून गंजण्यापेक्षा बरं."

बैलगाडीत घालून तो पाट चिंचवडहून वाडीत आणायला पुरा एक दिवस गेला. चार माणसांनी तो उतरवला. अंगण शेणाने सारवलेलं, भुसभुशीत. मालोजीने गाडी चढवली, हँडल फिरवायला घेतलं, आणि पाट हातभर वर येतो न येतो तोच एका बाजूचे पाय जमिनीत रुतले. गाडी कलली. जमलेली माणसं मागे सरली. मालोजीने घाईघाईने उलटं हँडल फिरवून गाडी खाली घेतली, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"झाली पूजा," तात्याबा म्हणाला. "चौरंग आनलाय माझ्या भावानं. आता त्येच्यावर सत्यनारायन मांडा."

तेव्हापासून वाडीत त्याला चौरंग म्हणू लागले. ठकुबाई मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने परसातली धुणं धुवायच्या दोन मोठ्या फरश्या दाखवल्या आणि म्हणाली, "ह्या घ्या खाली. मी धुनं वढ्यावर नेईन म्हयनाभर."

फरश्यांवर चौरंग पक्का उभा राहिला. मालोजीने तेल बदललं, साखळी ताणली, ब्रेक लावून घेतला. उभ्याउभ्या. गुडघ्याला कळ नाही, कमरेला ताठा नाही. पण हे सगळं तासाभरात आटोपलं आणि मग पंधरा दिवस चौरंगाला काहीच काम उरलं नाही. येताजाता पायात यायचा. म्हैस बिचकायची. ठकुबाई डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन ओढ्याकडे निघाली की मालोजी दुसरीकडे बघायचा. तेल बदलायला काय, ते खाली बसूनही होतं. थोडा गुडघा दुखला असता एवढंच. महिन्याचे शेवटचे आठ दिवस उरले तेव्हा त्याने मनाशी ठरवून टाकलं, परत करायचा. आबाजीला सांगायचं, तुमचंच बरोबर होतं.

त्या रविवारी ठकुबाईच्या भावाच्या घरी खेडला बारसं होतं. दोघं गाडीवरूनच जाणार होती. मालोजी उजाडताच उठला. चौरंग आता जाणारच आहे, तर गाडी एकदा खालून-वरून स्वच्छ धुऊन घ्यावी, म्हणून त्याने ती पुरी वर चढवली. घासलेटच्या फडक्याने तो पुसत गेला. इंजिनाच्या पुढून खाली उतरणारी जाड नळी पुसताना त्याचा हात थांबला. नळीच्या मागच्या अंगाला, इंजिनाकडे तोंड करून, एक तांबूस रेघ होती. त्याने पुसली. गेली. दोन मिनिटांनी पुन्हा उमटली.

त्याने नख फिरवलं. नख अडकलं.

ती भेग होती. दोन बोटं लांबीची, नळीच्या जवळजवळ निम्म्या घेराला वळसा घालणारी. पुढून बघितलं तर नळी धडधाकट. खाली बसून बघितलं तर मधे इंजिन. मालोजी तिथेच उभा राहिला. मोशीचा उतार त्याला आठवला, जिथे तो रोज गाडी मोकळी सोडायचा. गेल्याच बाजारच्या दिवशी ठकुबाई मागे बसली होती, मांडीवर कांद्यांची पिशवी घेऊन. पुढची नळी तुटली तर चाक गाडीखाली येतं. पलटणीत त्याने असा एकजण बघितला होता. पोरगा कोल्हापूरकडचा होता. त्याचं नाव आठवायचा मालोजीने प्रयत्न केला, आठवलं नाही.

दार वाजलं. ठकुबाई नवं लुगडं नेसून, हातात कुंची आणि खोबऱ्याची वाटी घेऊन बाहेर आली. "झालं का? उनं व्हायच्या आत निघू."

क्षणभर त्याला वाटलं, काहीतरी सांगावं. पेट्रोल संपलंय, प्लग गेलाय. पण तोंडातून निघालं ते खरंच. "ठके, गाडीवरनं जायचं न्हाई आज. तिला भेग गेलीया."

"कुठं? दावा."

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला गाडीच्या कामात जवळ बोलावलं. ठकुबाईने पदर खोचला आणि वाकून बघितलं. डोळ्यांच्या बरोबर समोर होती ती जागा. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं, तेलाचा डाग बघितला.

"कदीपासनं हाय?"

"ठाव न्हाई. म्हयना असंल, वरीस असंल."

"आन मी मागं बसत हुते."

ती रागावेल असं मालोजीला वाटलं होतं; रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त हात पदराला पुसला, कुंची पिशवीत ठेवली आणि एस.टी. गाठायला पायी चालू लागली. मालोजी तिच्यामागे निघाला.

सोमवारी कारखान्यात त्याचा खाडा लागला. मंगळवारी दुसरी पाळी मागून घेऊन तो एस.टी.ने पिंपरीला गेला आणि कामाआधी चिंचवडला आबाजीकडे पोचला. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी येतो."

दोन दिवसांनी आबाजी वाडीत उतरला. हात कापत होते, पण डोळा पक्का होता. त्याने भेगेवर घासलेट लावायला सांगितलं, मग कोरड्या फडक्याने पुसायला, आणि मग वरून पांढरा खडू घासायला. "आता थांबा." थोड्या वेळाने भेगेत मुरलेलं घासलेट बाहेर आलं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ आपसूक उमटली. भेग कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते साफ दिसलं. वरच्या टोकाला ती मालोजीला दिसली होती त्याहून बोटभर पुढे गेली होती.

"वेल्डिंग होईल," आबाजी म्हणाला. "खडकीला माझा एक ओळखीचा आहे. पण सांगाडा मोकळा करून न्यावा लागेल. इंजिन उतरवावं लागेल."

इंजिन उतरवायला दोन दिवस लागले. आबाजी बाजेवर बसून सांगायचा, हा बोल्ट आधी, तो मागून. मालोजी उभा राहून करायचा. आणि शेवटचा बोल्ट निघायच्या वेळी इंजिन धरायला कोणी हवं होतं. मालोजीने गोठ्याकडे बघून हाक मारली, "दादा, जरा येतोस का?" तात्याबा आला. दुसऱ्या बाजूने ठकुबाई आली, तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिघांनी मिळून ते कमरेच्या उंचीवरून सरळ बाजेवर ठेवलं. खाली बसून हे झालं नसतं, हे तिघांनाही दिसलं.

सांगाडा वेल्डिंग होऊन आला. गाडी पुन्हा जोडली. आबाजीने जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "धरेल. पण किती दिवस, ते मी सांगत नाही. लोखंड एकदा दमलं की दमलं. महिन्यातून एकदा खडू लावून बघा. न चुकता."

महिना तर केव्हाच भरून गेला होता. संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर मालोजीने विषय काढला. "मिस्त्री, चौरंगाचं काय करू?"

"मला विचारू नका म्हणालो होतो."

तात्याबाने सुपारी कातरत विचारलं, "मला येक सांग, माल्या. ह्यो चौरंग नसता, तर ती भेग दिसली नसती का?"

प्रश्न सरळ होता आणि मालोजीने तो सरळच घेतला. हो म्हणणं सोपं होतं. पण त्याने विचार केला. "दिसली असती, दादा. मी पाठीवर झोपून, दिवा घिऊन, इंजिनामागं बघितलं असतं तर दिसली असती. पन नऊ वर्सांत मी कदी झोपून बघितलं न्हाई. आन आता ह्या गुडघ्यानं तर खाली बसायचंसुदिक टाळायला लागलोय. जे हाताला लागतं तेवढंच बघायचो."

"मंजी चौरंगाबिगर भागतं."

"भागतं. मानसानं आळस नाय केला तर."

तात्याबाने मान हलवली. हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं.

ठकुबाई उंबऱ्यात बसून ऐकत होती. थोरल्या दिरासमोर ती सहसा मधे बोलत नसे. आज बोलली. "गाडी इकायची आसंल तर इका. मी आडवी येनार न्हाई. पन ठिवायची आसंल, तर समद्या बाजूनं दिसंल आशी ठिवा. आन दर म्हयन्याला मला दावायचं. मी बगितल्याबिगर मी मागं बसनार न्हाई, आन तुमीबी कामावर न्यायची न्हाई."

"तुला काय कळतंय त्यातलं?" तात्याबा म्हणाला.

"काळी रेघ कळती की, भावजी."

आबाजी खो खो हसला. मालोजीही हसला, खूप दिवसांनी.

गाडी विकायची नाही, हे त्याने ठरवलं होतंच. पण ठेवायची तर कशी, हे त्या रात्री ठरलं. एका गाडीसाठी, महिन्यातून दीड तासासाठी एवढी किंमत मोजायची, हे हिशेबात बसत नव्हतं आणि कधी बसणारही नव्हतं. गुडघ्यासाठी घेतला असता तर तो परतच गेला असता. बघण्यासाठी घ्यायचा, असं म्हटल्यावर बाकीचे एकोणतीस दिवस तो रिकामा उभा राहिला तरी मालोजीला त्याचं वाईट वाटेना. त्याने आबाजीला पैसे दिले. तात्याबाने गोठ्याचा एक कोपरा मोकळा करून दिला, तिथे नदीकाठच्या फरश्या आणून बसवल्या, आणि ठकुबाईच्या धुण्याच्या फरश्या परसात परत गेल्या.

पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी वर चढू लागली. हँडल कधी तात्याबा फिरवायचा. घासलेट मालोजी लावायचा, खडू ठकुबाई. ती वाट बघत उभी राहायची आणि मग म्हणायची, "न्हाई काय. जावा." एकदा तात्याबाने विहिरीवरचं ऑइल इंजिन त्याच चौरंगावर चढवून उघडलं, तेव्हापासून त्याची टिंगल बंद झाली.

अठ्ठावन्न गेलं. एकोणसाठच्या आषाढात एका रविवारी ठकुबाई नेहमीसारखं "न्हाई काय" म्हणाली नाही. तिने दिवा जवळ घेतला आणि मालोजीला खूण केली. वेल्डिंगच्या बरोबर वर, नव्या जागी, बारीक काळी रेघ आली होती.

मालोजीने बराच वेळ ती बघितली. मग गाडी कोणी चालू करू नये म्हणून प्लग काढून खिशात घातला, आणि दुसरी पाळी मागून घेऊन एस.टी.ने कामावर जाऊ लागला.

महिनाभराने, गाडी विकायची आहे असं ऐकून, खेडकडचे एक कांद्याचे व्यापारी, नानासाहेब, ती बघायला आले. त्यांना पोरासाठी हवी होती. मालोजीने रेघ दाखवली. नानासाहेब म्हणाले, "अहो, पुन्हा वेल्डिंग मारू. वरून रंग दिला की कोणाला दिसतंय?" आणि त्यांनी चांगली किंमत सांगितली. तात्याबाने भावाकडे बघितलं. मालोजी म्हणाला, "इंजिन घ्या, चाकं घ्या. सांगाडा देनार न्हाई." नानासाहेबांना ते पटलं नाही. चहा घेऊन ते निघून गेले.

इंजिन आणि चाकं नंतर आबाजीच्या ओळखीने खडकीला गेली. उरलेला सांगाडा पुन्हा कोणाच्या गाडीला लागू नये म्हणून मालोजीने तो चौरंगावर आडवा बांधला आणि करवत घेतली. लोखंड जाड होतं. एक नळी कापायला अर्धा तास लागला. सांगाडा थरथरायला लागला तशी ठकुबाईने दुसरं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. "दमला आसाल तर थांबा," ती म्हणाली. तो थांबला, पाणी प्याला, आणि मग दोघांनी मिळून दुसरी नळी कापायला घेतली.